समोरच्याची सही

वर्गात तिला सगळे काकू म्हणत. पहिल्या दिवशी तिने मोठ्या दिलदारपणे सांगून पाहिलं होतं, "नावाने हाक मारा रे, आपण एकाच वर्गातले." मुलांनी माना डोलावल्या आणि "बरं, काकू" म्हटलं. तेव्हापासून काकू त्या काकूच. सकाळी कॉलेज, दुपारपासून लाँड्रीच्या काउंटरवर कपडे घेणं आणि देणं, संध्याकाळी स्वयंपाक आणि यातून वेळ उरला तर स्वतःचं कौतुक, असा काकूंचा दिनक्रम होता. कौतुकाला वेळ फार कमी मिळतो, ही त्यांची जुनी तक्रार.

तर या काकूंना निबंध लिहायचा होता. वर्तमानपत्रातला कुणाचा तरी मत मांडणारा लेख निवडायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. लेख शोधायची वेळच आली नाही, लेखच त्यांना शोधत घरी आला. एका निवृत्त प्राचार्यांनी लिहिलं होतं की कॉलेजातल्या जागा मोजक्या असतात, त्या उतारवयातल्या हौशी विद्यार्थ्यांना देऊ नयेत. उतारवय म्हणजे पंचेचाळीसच्या पुढचं, असंही त्यांनी कंसात लिहून ठेवलं होतं. काकू शेहेचाळीस वर्षांच्या. नाकाला अशा काही मिरच्या झोंबल्या की त्यांनी एका बैठकीत उत्तर लिहून काढलं आणि स्वतःच दोनदा वाचून स्वतःच टाळी वाजवली.

घोडं अडलं ते सरांच्या नियमापाशी. सर काकूंच्या धाकट्या भावाहूनही लहान, पण नियम मात्र आजोबांचे. निबंधाचे दोन भाग. पहिल्या भागात समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आपलं नाही. त्याखाली, ज्याला तो लेख पटलाय अशा कुणाची तरी सही आणायची, की होय, आमचं म्हणणं हेच आहे. सही नसेल तर दुसरा भाग सर वाचणारच नाहीत. "समोरचा काय म्हणतो हे ज्याला सांगता येत नाही, त्याने उत्तर द्यायला उठू नये," असं सर शांतपणे म्हणाले होते. काकूंना हे तेव्हा फार पटलं होतं. वर्गातल्या इतर मुलांना याची गरज आहे, असं त्यांना वाटलं होतं.

आणि हा निबंध साधासुधा नव्हता. वयाची अट सैल करून काकूंना जागा मिळाली होती. पहिल्या वर्षी एका विषयात जरी दांडी उडाली तरी ती जागा जाणार, असं प्रवेशाच्या वेळीच बजावलं होतं. बाकीच्या विषयांत काकू काठावर पास होत्या, या एका विषयावर त्यांची भिस्त होती. सोमवारी निबंध द्यायचा, नाहीतर पुन्हा पूर्ण वेळ लाँड्री.

पहिल्या भागाचा पहिला खर्डा त्यांनी असा सुरू केला: लेखकाच्या मते पंचेचाळीसनंतर माणसाचं डोकं बंद पडतं आणि त्याने घरी बसून मरणाची वाट बघावी. सरांनी खाली लिहिलं, "हे लेखात कुठे आहे?" दुसऱ्या खर्ड्यात काकूंनी स्वतःला आवरलं. फक्त 'स्वतः दरमहा पेन्शन घेणारे लेखक म्हणतात की' एवढंच घातलं. सरांनी लिहिलं, "पेन्शन खोडा." तिसरा खर्डा काकूंच्या मते न्यायाधीशाने लिहावा असा होता. सर म्हणाले, "सुधारलंय. पण 'हौशी' शब्दाच्या दोन्ही बाजूंना एवढी अवतरणचिन्हं कशासाठी?" काकूंनी चिन्हं मोजली नाहीत, पण पाहिली तेव्हा तो शब्द कुंपणात ठेवल्यासारखा दिसत होता हे खरं.

शेवटी लाँड्रीच कामी आली. तिथे गिऱ्हाईक डाग पडलेला शर्ट नाचवत आलं की आधी त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत पावतीवर लिहायची, वाचून दाखवायची, तो हो म्हणाला की मग काय भांडायचं ते भांडायचं, अशी पद्धत होती. काकू हे रोज करत. प्राचार्य शर्ट घेऊन काउंटरसमोर उभे आहेत, असं त्यांनी धरलं आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर लिहायला घेतलं. "म्हणजे साहेब, तुमचं म्हणणं असं, की..." या एका वाक्यावर हात चालू झाला.

आता सही. त्यांना वाटलं, ही तर गंमत आहे, आपल्याला नावं ठेवणाऱ्यांना काय तोटा! लाँड्रीचे मालक रोज कुरकुरत, "तुमच्या त्या कॉलेजपायी दुपारी नेहमी उशीर." काकूंनी आशेने लेख आणि आपलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. मालकांनी वाचलं आणि छातीवर हात ठेवला. "छे छे, भलतंच! मी तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आमच्या काउंटरवर कॉलेजात जाणाऱ्या बाई आहेत म्हणून." नणंदेकडे त्या हमखास म्हणून गेल्या. हिने चारचौघांत म्हटलं होतं की वहिनींना या वयात भलतं खूळ लागलंय. नणंद पान वाचून गळ्यातच पडली. "वहिनी, मी कुठे असं म्हटलं? मला तुमचा केवढा अभिमान आहे!" काकू जळफळत घरी आल्या. जन्मभर फुकट मिळणारी टीका, गरज पडली तेव्हा बाजारात नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. रविवारी सकाळी तो पेचकस पुसत बसला होता.

"अहो, तुम्ही करा ना सही," काकू म्हणाल्या.

"मी? आणि मग जेवायचं कुठे?"

"खरंच सांगा, एकदाही मनात आलं नाही तुमच्या? की हिला काय करायचंय कॉलेज?"

"आलं असेल. पण मला दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचं नाही," नवरा म्हणाला आणि पेचकसाकडे एकदम फार लक्ष देऊ लागला.

लेक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या वह्या पसरून बसली होती. तिनेही त्याच वर्षी, त्याच कॉलेजात, त्याच विषयासाठी अर्ज केला होता. प्रतीक्षा यादीत तिचं नाव पहिलं लागलं आणि पहिलंच राहिलं. आता ती दोन बस बदलून लांबच्या कॉलेजात जाई. यावर घरात कधी चर्चा झाली नव्हती. काकूंनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता, की तिथली इमारत नवी आहे.

"बघू," लेक म्हणाली. तिने पान ओढून घेतलं आणि वाचलं. काकूंनी लिहिलं होतं: जागा मोजक्या आहेत. एक जागा म्हणजे एक माणूस आत आणि एक बाहेर. जो आत आला तो आपल्याला दिसतो, त्याचं आपण कौतुक करतो. जो बाहेर राहिला तो दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो. ज्याचं पुष्कळ जगून झालंय त्याला आत घेताना, ज्याचं सगळं व्हायचंय त्याच्याकडे निदान एकदा वळून बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

लेकीने पेन घेतलं आणि खाली सही केली.

"अगं, तू कशाला! ज्याला लेख पटलाय त्याची सही लागते," काकू म्हणाल्या.

"हो ना."

"चेष्टा करतेस."

"नाही, आई."

नवऱ्याला अचानक कुठलीशी लिफ्ट आठवली. तो रविवार असूनही चप्पल घालून निघून गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, असा विचार काकूंच्या मनात आला, पण हसू काही आलं नाही.

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तू काही माझी जागा चोरली नाहीस. यादी लागली त्या दिवशी तू नाचत होतीस स्वयंपाकघरात. मलाही आनंद झाला होता. आणि वाईटही वाटलं होतं. दोन्ही."

"मला वाटलं, तिथली इमारत नवी आहे..."

"इमारत छान आहे," लेक म्हणाली. "आता तुझं उत्तर वाचून दाखव. मला ऐकायचंय."

काकूंनी ती जुनी, टाळी मिळवलेली पानं काढली. "तरुणांना पुढे संधींची काय कमी," असं त्यांनी सुरू केलं आणि समोर बघून थांबल्या. ते वाक्य खोडलं. पुढचं होतं, प्रौढ विद्यार्थ्यामुळे वर्गाला गांभीर्य येतं. गेल्याच आठवड्यात मागच्या बाकावर त्यांना डुलकी लागली होती आणि वर्ग पोट धरधरून हसला होता. तेही खोडलं. शिक्षणाला वय नसतं, हे वाक्य त्यांना सगळ्यात आवडलं होतं. त्याला वय नसेल, पण बाकं मोजकीच होती. एवढी फुशारकी मारत लिहिलेलं सगळं एकेक करून गळून पडलं. खाली काही सापडेना.

"मी सोडू का जागा?" त्यांनी विचारलं.

"आता सोडून मला मिळणार आहे थोडीच? पण समज, मिळणार असती. सोडली असतीस?"

'हो' हा शब्द ओठांवर तयारच होता. कुठलीही आई तो म्हणाली असती, आणि काकूंना आपण त्या कुठल्याही आईसारख्या आहोत अशी पक्की खात्री होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसती सोडली."

हे ऐकून त्या स्वतःच घाबरल्या. लेक मात्र जागेवरून हलली नाही.

"मग तेच लिही ना. बाकीचं कशाला?"

काकूंनी कोरा कागद घेतला. लिहिलं: लेखकाचं म्हणणं बरोबर आहे. तरी मी जागा सोडणार नाही. माझ्या मुलीला ती जितकी हवी होती, तितकीच मला हवी आहे. मग 'तितकीच' या शब्दाकडे त्या बघत राहिल्या. शेवटी तो खोडला आणि वर लिहिलं, 'त्याहून जास्त'. लिहिताना मान वर करायची हिंमत झाली नाही. शरमेने कान तापले होते आणि छातीतलं काहीतरी हलकंही झालं होतं.

लेकीने कागद उलटा फिरवून वाचला.

"मला वाटलं होतं, असं ऐकलं तर फार राग येईल," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आलाय थोडा. पण मघाशी ती नवी इमारत ऐकून आला तेवढा नाही."

काकूंनी हात पुढे केला. लेकीने तो धरला नाही, बाजूलाही सारला नाही, कागद तेवढा परत सरळ करून आईपुढे ठेवला. काकूंनी पुढच्या ओळीवर पेन टेकवलं. अजून पुष्कळ लिहायचं होतं आणि त्यात प्राचार्य कुठेच नव्हते.