पेवातली तालीम

निजामाच्या फौजेतला बँड मोडला तेव्हा हावगेप्पा एक पत्र्याची पेटी घेऊन भालकीला आपल्या घरी परतला. अकरा वर्षं त्यानं क्लॅरिनेट वाजवली होती. घरी येऊन दोन वर्षं झाली तरी चालताना त्याचा डावा पाय आधी पडायचा, आणि बाजारात भाजी आणायला गेला तरी आपल्यापुढं कुणीतरी चाललंय असं समजून तो अंतर राखून चालायचा. बायको नागव्वा म्हणायची, "फौज सरली, पण हे अजून पलटणीतच हैत."

त्या वर्षी माघात हुलसूरचे व्यापारी रेवणसिद्धप्पा त्याच्याकडं आले. धाकट्या मुलाचं लग्न फाल्गुनात होतं. ते म्हणाले, "वाजंत्री सगळेच आणतात. मला बँड पायजे. तुझ्यापाशी बँड हाय म्हणतात, खरं का?"

"व्हय," हावगेप्पा म्हणाला.

तेव्हा त्याच्यापाशी फक्त क्लॅरिनेट होती. पण संध्याकाळपर्यंत त्यानं पलटणीतलाच, कॉर्नेट हे पितळी वाद्य फुंकणारा जुना सोबती उस्मानमियाँ गाठला. दुसऱ्या दिवशी तेलाच्या घाण्यावर राबणाऱ्या वीरण्णाला पटवलं. वीरण्णानं जन्मात ढोल वाजवला नव्हता, पण घाण्याच्या बैलाला हाकताना त्याची जीभ तालात टकटकायची, एवढं हावगेप्पानं हेरून ठेवलं होतं. ढोल बिदरहून आला. तिघांचा बँड झाला. लग्नाला पंचवीस दिवस होते.

पहिली तालीम हावगेप्पाच्या अंगणात सकाळी आठाला सुरू झाली, आणि सव्वाआठाला शेजारचे गुंडेराव भिंतीवरून डोकावले.

गुंडेराव तहसील कचेरीत पेशकार होते. सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, अक्षर मोत्यासारखं, आणि वीस वर्षांत त्यांच्या मिसलीत, म्हणजे कचेरीच्या कागदांत, कुणी चूक काढली नव्हती. पण राज्य पालटलं आणि कचेरीत नव्या भाषेची परीक्षा निघाली. उर्दूच्या जागी हिंदीतले दोनशे शब्द पाठ करायचे, गुलबर्ग्याला जाऊन लिहायचे, नापास झालात तर बढती विसरा. गुंडेरावांनी एक महिन्याची रजा टाकली होती आणि सकाळपासून पाटावर बसून ते मोठमोठ्यानं घोकत होते.

"हावगेप्पा, हे काय चालवलंस?"

"तालीम करायलाव पेशकारसाहेब. लग्नाची ऑर्डर हाय."

"मी 'दरखास्त' म्हणायला जातो, 'आवेदन' तोंडात यायच्या आत तुझा ढोल वाजतो. कामून छळायलास? बेचाळिसाव्या वर्षी मी परीक्षेला बसायलोय."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर हावगेप्पाला बरं वाटलं असतं. माणूस खरोखरच हैराण दिसत होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मागं त्यांच्या बायको नलिनीबाई उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून, त्या महिन्यात त्यांना सर्वांत जास्त त्रास ढोलाचा होता की नवऱ्याच्या पाठांतराचा, ते सांगता येत नव्हतं.

हावगेप्पानं ढोल थांबवला. दुसऱ्या दिवशी त्यानं ढोलावर गोधडी बांधली, कॉर्नेटच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. उस्मानमियाँनी फुंकलं तर चिंध्यांचा बोळा सुटून नागव्वाच्या परातीत, मळलेल्या कणकेत जाऊन पडला. तिसऱ्या दिवशी ते गावाबाहेर शेतात गेले. पहिलाच ढोल वाजला आणि बांधापलीकडं कडब्याची गाडी ओढणारे बैल उधळून थेट ओढ्यात शिरले. गाडीवाल्यानं जे ऐकवलं ते उस्मानमियाँना समजलं नाही, कारण ते कानडीत होतं. हावगेप्पाला सगळं समजलं.

तेव्हा नागव्वाच म्हणाली, "पेव रिकामं हाय की. ज्वारी भरायला अजून महिना हाय."

हावगेप्पाच्या आजोबांनी अंगणात खणलेलं ते धान्याचं पेव माणूस-दीड माणूस खोल होतं. वर अरुंद तोंड, आत हंड्यासारखं पोट. हावगेप्पानं आधी दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला नाही, म्हणजे आत हवा बरी होती. मग शिडी लावून तो आणि उस्मानमियाँ खाली उतरले. ढोल मात्र तोंडातून जाईना. आडवा केला, उभा केला, तिरपा केला. शेवटी वीरण्णा ढोलासकट वरच राहिला.

आता वरचा गोधडीतला ढोल खाली ऐकू यायचा नाही, आणि ताल नसेल तर दोघं दोन वाटांना जायचे. हावगेप्पानं बैलाचा कासरा मागवला. एक टोक स्वतःच्या घोट्याला बांधलं, दुसरं वीरण्णाच्या हातात दिलं. पहिल्या मात्रेला वीरण्णानं ओढायचं, असं ठरलं. पहिल्यांदा त्यानं घाण्याचा बैल ओढल्यासारखं ओढलं आणि हावगेप्पा उस्मानमियाँच्या मांडीवर जाऊन बसला. पण दोन दिवसांत जमलं. आत गदमदायचं, घामानं क्लॅरिनेट हातातून निसटायची, तरी तालीम होत होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गुंडेराव गप्प होते. तीन दिवस झाले, भिंतीवरून डोकं आलं नाही. हावगेप्पाला वाटलं, आपण जिंकलो.

पेवाचं तोंड अंगणात होतं, पण पोट कुठवर गेलं होतं ते आजोबांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. ते भिंतीखालून शेजारी गेलं होतं, आणि गुंडेरावांचा पाट बरोबर त्याच्यावर होता.

पहिल्या दिवशी गुंडेरावांना वाटलं, अभ्यासानं डोक्यात काहीतरी झालं. नलिनीबाईंनी कानात कोमट तेल सोडलं, डोक्याला ओला फडका बांधला. तिसऱ्या दिवशीही आवाज येतच राहिला. चौथ्या दिवशी त्यांनी प्यायला घेतलेलं भांडं जमिनीवर ठेवलं आणि पाण्यावर बारीक लाटा उठताना पाहिल्या. ते उठून भिंतीपाशी आले. पलीकडं वीरण्णा एकटाच बसला होता. पुढ्यात गोधडीत गुंडाळलेला ढोल, आणि हातातला कासरा जमिनीत गेलेला.

"वीरण्णा, हे काय करायलास?"

"ताल सोडायलोय खाली," वीरण्णा म्हणाला.

हावगेप्पा शिडीवरून वर आला तेव्हा गुंडेराव पेवाच्या तोंडाशी उभे होते, डोक्याला फडका तसाच. हावगेप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलटणीत अकरा वर्षांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार गेली नव्हती, आणि इथं एका भल्या माणसाच्या कानात त्याच्यामुळं चार दिवस तेल ओतलं जात होतं.

"चुकलं पेशकारसाहेब," तो म्हणाला. "उद्यापासून बंद. हुलसूरला जाऊन रेवणसिद्धप्पांना सांगतो, दुसरं कुणी बघा म्हणून."

गुंडेराव डोक्याचा फडका सोडत निघून गेले. दुसऱ्या दिवशी अंगण शांत होतं. उस्मानमियाँ येऊन बसले, चहा प्याले, गेले. हावगेप्पानं क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली आणि हुलसूरला जायची मोटार कधी सुटते ते विचारून आला.

पण मोटार सुटायच्या आधी गुंडेराव आले. या वेळी दारातून आले. हातात शब्दांचा कागद होता.

"हावगेप्पा, ती चाल वाजव जरा. परवा वाजवत होतास ती. चालण्याची."

"मार्च?"

"नाव काय असेल ते. एकदाच."

गोष्ट अशी झाली होती, की ते चार दिवस डोक्यातला आवाज जाईना म्हणून गुंडेराव त्या आवाजावरच घोकत होते. दरखास्त आवेदन, दस्तखत हस्ताक्षर, अदालत न्यायालय, मुआयना निरीक्षण. चाळीस शब्द त्यांचे पक्के झाले. पण कालपासून चाल थांबली आणि शब्दही थांबले. 'दस्तखत' म्हटलं की पुढं अंधार.

हावगेप्पानं उघड्या अंगणात मार्च वाजवला. गुंडेराव ओट्यावर बसून पाय आपटत म्हणत गेले आणि चाळिसावा शब्द समेवर येऊन पडला. नलिनीबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. त्या नागव्वाला म्हणाल्या, "बँड परवडला गं. नुसतं घोकणं ऐकून माझं डोकं उठलं होतं."

तेव्हापासून तालीम उजेडात, सगळ्यांसमोर होऊ लागली. फक्त गुंडेरावांना पुन्हा पुन्हा मार्चच हवा असायचा, आणि लग्नाला तर पाच चाली लागणार होत्या. शेवटी तडजोड झाली. दर चालीला चाळीस शब्द. मार्चवर कचेरीचे, वरातीच्या चालीवर जमीनमहसुलाचे, आणि नवरी सासरी निघतानाच्या संथ चालीवर बडतर्फी, दंड, निलंबन असले शब्द. ते म्हणताना गुंडेरावांचा आपटणारा पाय आपोआप थांबायचा. वीरण्णाचा ढोल मात्र गोधडी काढल्यावरही जरा दबकूनच वाजायचा. त्याला सवय लागली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गुंडेराव भालकीहून रेल्वेनं गुलबर्ग्याला गेले. चौथ्या दिवशी परत आले ते घरी न जाता हावगेप्पाकडं, तालीम चालू असतानाच.

"कसं झालं?" हावगेप्पानं विचारलं.

"मी गुणगुणायलो म्हणून मला शेवटच्या बाकावर बसवलं. मग पाय वाजायला लागला, तेव्हा निरीक्षक येऊन विचारतात, तब्येत बरी न्हाई का. वरातीची चाल तर आठवेचना. पाणी प्यायचं म्हणून बाहेर गेलो, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा आठवली." ते ओट्यावर टेकले. "एकशे अठ्ठ्याण्णव लिहिले. दोन राहिले."

"कुठले दोन?"

गुंडेरावांनी उस्मानमियाँकडं बघितलं. "मार्चमध्ये तिसऱ्या ओळीला तुम्ही नेहमी अडखळता बघा, तिथले."

उस्मानमियाँनी मान खाली घातली. "वहींच दम टूटता है मेरा," ते म्हणाले. हावगेप्पानं त्यांना पंधरा दिवस तेच सांगितलं होतं, पण एखाद्या सरकारी माणसाचे दोन गुण गेल्यावर त्याचं वजन वेगळं पडलं. पुढचे तीन दिवस उस्मानमियाँ घरी जाताना, येताना, विहिरीवर पाणी शेंदताना तीच ओळ तोंडानं म्हणत होते.

हुलसूरला वरात गावाबाहेरच्या देवळापासून निघाली. तिघांनी गणवेश घातले होते. वीरण्णाला हावगेप्पाचा दुसरा कोट पुढून लागत नव्हता, म्हणून त्याच्यावर ढोल आला ते बरंच झालं. हावगेप्पानं इशारा केला, पहिला सूर काढला आणि तो परत येईल म्हणून कान दिला. अंगणात भिंती होत्या, पेवात तर प्रत्येक सूर तिप्पट होऊन परत यायचा. इथं उघड्या माळावर आवाज गेला तो गेलाच. त्याला वाटलं, आपण वाजवतच नाही. वीरण्णाही गोंधळून त्याच्याकडं बघत होता.

मग हावगेप्पानं छातीभर श्वास घेतला, पलटणीत घ्यायचा तसा, आणि सोडला. वीरण्णानं हात सैल सोडून ढोलावर घातला. पेवातल्या तालमीनंतर पहिल्यांदाच. नवरदेवाची घोडी कान टवकारून उभी राहिली, पण उधळली नाही. तिसरी ओळ आली. उस्मानमियाँ एका दमात पार गेले, आणि पुढं वाजवता वाजवता त्यांचे डोळे ओले झालेले हावगेप्पाला दिसले. त्यानं नजर समोर ठेवली. त्याचे स्वतःचेही काही फार कोरडे नव्हते.

जेवणं झाल्यावर रेवणसिद्धप्पा आले. सुपारी कातरायला बसले.

"गाण्यातलं मला काही कळत न्हाई," ते म्हणाले. "पण तुम्ही तिघं रांगेत चालता, हे बरं दिसतं. आमच्या पाहुण्यांकडं वैशाखात लग्न हाय, त्यांना सांगून ठेवलंय."

परतल्यावर कळलं, गुंडेराव पास झाले होते आणि रजा संपवून कचेरीत रुजूही झाले होते. आता दिवसभर शेजार रिकामा होता, वाटेल तेव्हा वाजवायची मुभा होती. हावगेप्पानं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तालीम लावली. सव्वादहाला नलिनीबाईंनी भिंतीवरून ताकाचा तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, "हावगेप्पा, महिन्यानं घर शांत झालंय. आज एक दिवस तेवढं झोपू दे मला."

हावगेप्पानं ताक घेतलं, आणि तिघं जण वाद्यं न वाजवता अंगणात बसून ते प्याले.