एकच रेघ

"ताई, एकच बस दोनदा कशी आणलीत?"

हेडमास्तरने फोन उंच धरला. त्यावर 'बस आली' असा निरोप होता आणि त्याच्याखाली पुन्हा 'बस आली'. खोलीतल्या सगळ्यांचेच फोन चाचणीसाठी जोडलेले होते, आणि सगळे दोन-दोनदा वाजले होते. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "पहिली बस, दुसरी तिची मावसबहीण." हशा पिकला. ताईही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

हेडमास्तर म्हणजे टीमची प्रमुख. वयाने तिच्याहून बरीच लहान. पण चष्म्याच्या वरून बघायची सवय, म्हणून हे नाव पडलेलं. शाळेची बस थांब्यावर पोचली की पालकांना निरोप जावा, एवढंच ते काम. तिने एकटीने पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेला हा पहिलाच प्रोग्रॅम. उद्या सकाळपासून शाळा तो वापरणार होती. आणि उद्याच तिच्या जुन्या लॅबच्या डॉक्टरांना उत्तर हवं होतं. "तुमची जागा अजून भरली नाहीये," ते फोनवर म्हणाले होते, "पण आता थांबता येणार नाही हो. येताय की नाही, एकदाचं सांगा."

त्या लॅबमध्ये रक्त काढण्यात आणि तपासण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. अजूनही कोणी ओळख करून दिली की चेहऱ्याआधी तिची नजर कोपराच्या खळगीत जायची. इथल्या मुलाखतीत तिघांपैकी मधल्याची शीर इतकी सुरेख होती की पहिला प्रश्न तिला ऐकूच आला नव्हता. लॅबमध्ये असतानाच एकदा तिथे नवं यंत्र आलं होतं. एका बाजूने नळी ठेवायची, दुसऱ्या बाजूने आकडे यायचे. मधे काय होतं असं विचारलं की सगळे म्हणत, "ते मशीन करतं ना!" एवढ्यावर तिचं भागेना. आधी पुस्तकं आली, मग संध्याकाळचे वर्ग, आणि चाळिशी उलटल्यावर ही नोकरी. सासूबाई म्हणाल्या, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे!" नवरा म्हणाला, "पळू दे की. स्वयंपाकाचं मी बघतो." तेव्हापासून घरातल्या सगळ्या भाज्यांना एकच चव आली, पण जेवण वेळेवर मिळू लागलं.

"बघू, काय लिहिलंय ते दाखवा," हेडमास्तर खुर्ची ओढून शेजारी बसली.

पडद्यावर निम्म्याहून जास्त ओळी करड्या होत्या. ओळीआधी दोन तिरक्या रेघा टाकल्या की ती ओळ करडी होते आणि संगणक तिला ओलांडून पुढे जातो. प्रत्येक करड्या ओळीच्या शेवटी तिच्या नावाची आद्याक्षरं होती.

"हे काय आहे सगळं?"

"चुकलेलं."

"मग पुसलं का नाहीत?"

"पुसायचं कसं?" तिने इतक्या भाबडेपणाने विचारलं की हेडमास्तर आधी हसणार होती, ती थांबली.

लॅबमध्ये पुसणं हा गुन्हा होता. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. खोडलेला आकडा खरा, पुसलेला खोटा, असं ती प्रत्येक नव्या मुलीला शिकवायची. इथे आल्यावर तिने तेच केलं होतं, फक्त एका रेघेच्या जागी दोन. आणि त्या गर्दीतल्या एका जुन्या ओळीच्या रेघा चुकून निघाल्या होत्या.

"ही काय धर्मशाळा आहे, ताई? आलेला प्रत्येक जण मुक्कामाला! त्यातलाच एक म्हातारा उठून कामाला लागला बघा." हेडमास्तरने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "सरका, मी साफ करते. तुम्ही घरी जा."

"थांब गं," ती म्हणाली. प्रमुखाला आपण 'गं' म्हणालो हे तिच्या नंतर लक्षात आलं. "मला पुसायची भीती नाही वाटत. कोणी उद्या विचारलं, इथे आधी काय होतं, तर?"

हेडमास्तरने चष्मा वर सरकवला. मग एक वेगळीच खिडकी उघडली. तिथे सगळं होतं: ताई रुजू झाल्यापासूनची प्रत्येक ओळ, तिची प्रत्येक चूक, आणि ती कोणी, कधी दुरुस्त केली ते.

"तुम्ही पुसलंत तरी हे पुसलं जात नाही. फक्त समोरून जातं."

"नावासकट?"

"नावासकट. लपवायचं म्हटलं तरी सोय नाही."

तिने कीबोर्ड परत घेतला. पहिली करडी ओळ पुसताना बोट जरा अडखळलं. नंतरच्या पटापट गेल्या. म्हातारा शेवटी गेला. उरलेली पानभर ओळ न् ओळ कामाची होती, आणि ती सलग वाचता येत होती. तिने चाचणी लावली. खोलीतले फोन एकदाच वाजले.

"मावसबहीण गेली वाटतं," कोपरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचं रक्त न्यायला लॅबमधून धांदल आली. हे नाव तिनेच ठेवलेलं. हाताखाली शिकताना ही मुलगी सदानकदा काहीतरी सांडायची.

सासूबाईंच्या शिरा लपंडाव खेळणाऱ्या. धांदलने दंडाला पट्टा बांधला, चाचपलं, कपाळाला आठी घातली.

"अगं तूच घे ना," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "हिला काय सापडतंय!"

तिचा हात पुढे झाला होता. शीर तिला उभ्या जागेवरून दिसत होती, पट्ट्याखाली थोडी आतल्या बाजूला. तिने तो हात सासूबाईंच्या दुसऱ्या हातावर ठेवला.

"आई, माझ्याकडे बघा. सुईकडे नाही."

"तुझ्याकडे काय बघायचंय? रोज बघते."

तेवढ्यात नळीत रक्त चढलं. धांदलने श्वास सोडला. कापसाचा बोळा सुनेने अंगठ्याने दाबून धरला.

"ताई, डॉक्टरांना काय सांगू?"

"सांग, माझ्या खुर्चीवर तुला बसवा म्हणावं."

धांदल मान खाली घालून नळीची चिठ्ठी भरायला लागली.

"वय काय लिहिलंस?" सासूबाई वाकून म्हणाल्या. "पाच वर्षांनी म्हातारी केलीस की मला!"

फोन वाजला: हेडमास्तर. 'बस आली. एकदाच.' ती हसली आणि बोळा तसाच धरून तिने चिठ्ठीकडे पाहिलं. धांदलने चुकलेल्या वयावरून एक रेघ ओढली होती, सरळ, बारीक. शेजारी नवं वय आणि सही. खालचा आकडा स्पष्ट वाचता येत होता.