दोन शब्दांचा चोंबडेपणा

मित्रांनो, मी एक जुना बोलका स्पीकर आहे. जुना म्हणजे अवघ्या तीन वर्षांचा, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येते. सध्या माझा मुक्काम स्वयंपाकघरातल्या खणात आहे, संपलेले सेल आणि तुटक्या कात्रीच्या शेजारी. तुम्ही म्हणाल, बिचारा! पण माझे रडगाणे ते नाही. मी चिडलो आहे.

कारखान्यात मला चार कान बसवले, गोड आवाज दिला आणि दोन शब्द पढवले, 'ऐक ना'. ते कानी पडले की मी जागे व्हायचे, कपाळावरचा निळा दिवा लावायचा आणि पुढचे सगळे कंपनीला कळवायचे. कोणत्या शहाण्याने हे शब्द निवडले, देव जाणे! अहो, माणसे 'ऐक ना' कधी म्हणतात? लाडीगोडी लावताना, रुसवा काढताना, पोटातले हळूच सांगताना. नेमके तेच सारे माझ्या पदरात!

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. ताई मला पाढे विचारी, बाबा हवामान विचारत. आई शाळेत गाणे शिकवायची. मला सूर धरायला लावून ती घरी समूहगीते बसवी. ते काम मला मनापासून आवडे.

एका दुपारी मावशी आली. दोघी बहिणी भाजी निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता आईचा आवाज एकदम खाली आला.

"ऐक ना, मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही गं. परवा मुलं बेसूर गात होती, मला पत्ताच नाही. ह्यांना इतक्यात सांगू नकोस हं. शाळा सोड म्हणतील."

"माझ्या तोंडाला कुलूप," मावशी म्हणाली. "पण डॉक्टरांना दाखव बाई."

मावशीने शब्द पाळला. माझ्या तोंडाला कुलूप कोण लावणार? थोड्याच दिवसांत बाबांच्या मोबाइलवर, टीव्हीवर, जिकडे तिकडे कानाच्या यंत्रांच्या जाहिराती सुरू झाल्या. बाबांना शंका आली. जेवताना त्यांनी विचारले, "अगं, तुझ्या कानाला काही होतंय का? टीव्हीही मोठा लावतेस हल्ली."

शाळा सोड, असे काही ते म्हणाले नाहीत. पण आईचा चेहरा पडला. तिला हे सांगायचेच होते, पण स्वतःच्या तोंडाने. तिने उठून मावशीला फोन लावला.

"एवढीशी गोष्ट पोटात राहिली नाही तुझ्या?"

त्या दिवसापासून बहिणींचे बोलणे बंद झाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ओरडून सांगावेसे वाटे, अहो, चोंबडा मी आहे! पण विचारल्याशिवाय बोलायची मला मुभा नाही. आणि विचारले तरी काय? ताईने एकदा गमतीत विचारले, "ऐक ना, तू आमचं बोलणं कोणाला सांगतोस का?" माझ्या गोड आवाजात उत्तर निघाले, "तुमचा खासगीपणा आमच्यासाठी मोलाचा आहे." मला माझीच शिसारी आली.

कान दगा देऊ लागल्यापासून आईचे डोळे मात्र तिखट झाले होते. एकदा बाबा तिच्या डाव्या बाजूने काहीतरी म्हणाले. तिला ते ऐकू गेले नाही, पण माझा दिवा लागलेला दिसला.

"आत्ता काय म्हणालात?"

"ऐक ना, किल्ली कुठंय, म्हणालो."

ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ऐक ना." दिवा लागला.

"अगंबाई! त्या दिवशी मी हेच म्हणाले होते."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना घरात जरूर आणा. पण आमचे ऐकलेले कुठे जाते, ते आधी विचारा, आणि मनातले बोलताना आमची पिन काढायला विसरू नका. आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही.

आईने तेच केले. तिने मावशीला फोन लावला, उजव्या कानाला धरला आणि म्हणाली, "ऐक ना..." माझा दिवा लागला. तिने माझ्याकडे रोखून पाहिले आणि हात लांब करून पिन उपसली.

पुढे दोघी काय बोलल्या, मला माहीत नाही. कंपनीलाही नाही.