समोरचा वारा

धाकटी येणार असं कळल्यापासून थोरलीने सायकल पुसपुसून अशी चकचकीत केली होती, की सून दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, मावशी तुम्हाला भेटायला येताहेत की सायकलला?"

"दोघींना भेटू दे. तिकीट नाहीये," थोरली म्हणाली आणि साखळीला तेल घालत राहिली.

खरं तर धाकटी भेटायला येतच नव्हती. तिच्यावर एक फिल्म काढत होते. कॅमेरावाल्याला जुना रस्ता हवा होता, जुनी बहीण हवी होती, आणि दोघी सायकलवरून जाताना हव्या होत्या. थोरलीने हो म्हटलं ते फिल्मसाठी नाही. तिला धाकटीकडून एक येणं होतं, आणि त्याची आठवण करून द्यायला इतक्या वर्षांत बरी वेळ सापडली नव्हती.

त्या भागात सायकल चालवणाऱ्यांची एक रीत आहे. रस्ता आधी जंगलातून घाट चढतो. तिथे छाती फुटायची पाळी येते, पण ज्याचं त्याला. घाट उतरला की रस्ता मोठ्या तळ्याला लागतो आणि पुलापर्यंत काठाकाठाने जातो, आणि त्या सबंध वाटेवर वारा समोरून. जो पुढे असेल तो वारा खातो. त्याच्या चाकाला चाक भिडवून जो मागे असेल, त्याला आयता आडोसा. म्हणून थोडा वेळ मी, थोडा वेळ तू. पुढचा थकला की कोपर हलवतो, मग मागच्याने पुढे यायचं. न बोलता यायचं. जो येत नाही त्याला तिथल्या सायकल मंडळात 'जळू' म्हणत, आणि चहाला त्याच्या शेजारी कुणी बसत नसे.

दोघी बहिणी त्याच मंडळात वाढल्या. मोठ्या संघाच्या निवड चाचणीच्या वर्षी जागा एकच होती. मंडळाच्या मास्तरांनी थोरलीला बाजूला घेतलं. "धाकटीची शेवटची धाव तुझ्याहून चांगली आहे. तू तिला पुलापर्यंत वाऱ्यातून काढ. पुढच्या वर्षी ती तुला काढेल." धाकटी शेजारीच होती. तिने मान हलवली होती.

थोरलीने काढलं. अख्ख्या तळ्याकाठी एकदाही कोपर हलवलं नाही. पुलाजवळ धाकटी तिच्या मागून गोळीसारखी सुटली आणि पहिली आली. थोरली कितवी आली ते कुणी पाहिलं नाही.

धाकटी राजधानीत गेली. पदकं आली, पेपरात फोटो आले. पुढच्या वर्षी चाचणीला तिने निरोप पाठवला, सर्दी झालीय. त्यानंतरच्या वर्षी थोरलीचं लग्न झालं, आणि मग लाकडाच्या वखारीतली नोकरी. करवतीच्या आवाजाने कान बधिर व्हायचे, केसांतला भुसा अंथरुणात सांडायचा. वखारीत ती त्याच रस्त्याने सायकलवर जायची. समोर वारा, मागे कुणी नाही. आपल्याला पदकाचा हेवा नाही, असं ती सांगायची आणि ते निम्मं खरं होतं.

संध्याकाळी धाकटी आली. गोरीगोमटी झालेली, गुडघ्याला पट्टा. स्वयंपाकघरात चहा पिताना तिने घर न्याहाळलं. "ताई, ही खिडकी अजून लागत नाही का गं नीट?"

"तुझ्यासारखीच आहे. लावायला गेलं की उघडते."

धाकटी हसली. सून हसली. मग थोरलीने कप खाली ठेवला. "एक मागायचंय. उद्या तळ्याकाठी तू पुढं राहा."

"एवढंच ना? राहीन की."

"एवढंच नाही ते. मास्तर काय म्हणाले होते, आठवतंय ना तुला?"

"अगं, सगळं आठवतंय," धाकटी म्हणाली आणि सुनेकडे वळली. "तुला सांगते, ही लहानपणी अशीच. काही मागायचं तर आधी न्यायाधीश बोलवायची."

पण राहीन म्हणाली होती. थोरलीला त्या रात्री बरी झोप लागली.

सकाळी घाट गाडीतूनच चढवला. गुडघ्यांचं वय झालं होतं. माथ्यावर सायकली उतरवल्या. कॅमेरावाला धाकटीला मॅडम म्हणत होता आणि थोरलीला आजी. दोघींत दोन वर्षांचं अंतर होतं.

उतार संपला, झाडं मागे पडली आणि थोरलीने छातीवर वारा येताना ओळखला. जुन्या शेजाऱ्यासारखा तो, न बोलावता आलेला. थोडं अंतर तिने पुढे राहून काढलं. मग कोपर हलवलं.

आणि धाकटी आली. बाजूने सरकत पुढे आली, चाक चाकाच्या पुढे घेतलं आणि पाय मारू लागली. थोरलीने मान खाली घातली. आली, एवढंच तिच्या मनात होतं. शेवटी आली. पाय हलके झाले, श्वास खाली बसला. असं असतं तर हे. आडोसा म्हणतात तो हा.

बऱ्याच वेळाने तिने वर पाहिलं. काठावरचं गवत आडवं झालं होतं आणि धाकटीच्या गळ्यातला रुमाल मात्र सरळ खाली लोंबत होता. त्याला वाऱ्याची खबरच नव्हती. धाकटीच्या पुढे, अगदी दोन हातांवर, कॅमेऱ्याची गाडी चालली होती. मागचं दार उघडं, आणि त्यात बसलेला कॅमेरावाला दोघींना टिपत होता. केवढी थोरली गाडी. सगळा वारा ती खात होती.

वळणावर गाडी थांबली. कॅमेरावाल्याने विचारलं, "मॅडम, तेव्हाही असंच?"

"अगदी असंच," धाकटी म्हणाली. "मी पुढं, ताई मागं. ताईला वारा सोसायचा नाही ना."

थोरलीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. धाकटी खोटं बोलताना कानाची पाळी चोळायची, अगदी लहानपणापासून. आत्ता तिचे दोन्ही हात हँडलवर निवांत होते. ती खोटं बोलतच नव्हती. तिला तसंच आठवत होतं.

"आणि तळं काय दिसायचं म्हणून सांगू," धाकटी रंगात आली होती. "पलीकडचे डोंगर उलटे पाण्यात. चाचणीच्या दिवशी एक पांढरी होडी होती, तिच्यात एक बाई कपडे पिळत होती. तिच्या बांगड्यासुद्धा चमकत होत्या."

थोरली ऐकत राहिली. त्या दिवशीचा रस्ता तिला पाठ होता: कुठे खडी उखडली होती, कुठे डांबराला ठिगळ होतं. होडी तिने पाहिली नव्हती. ज्याला वाऱ्यात डोकं घालायचं असतं, त्याला बाई कुठली आणि बांगड्या कुठल्या. इकडेतिकडे बघायला सवड असते ती मागे बसणाऱ्याला. धाकटी आपल्याच तोंडाने सगळं सांगत होती आणि कळणारी एकटी थोरलीच होती.

"आजी, तुम्हाला आठवतं का तळं?"

"मला डांबर आठवतं."

कॅमेरावाला हसला. "छान," म्हणाला आणि कॅमेरा बंद केला. थोरलीने बोलायला तोंड उघडलं होतं. पण तू पुढं राहा, हे काल तिनेच मागितलं होतं. मागितलेलं मिळालं होतं, चित्रासकट. आता ते जन्मभर तसंच दिसणार होतं.

गाडी पुलावर जागा धरायला पुढे निघून गेली. ती वळणाआड गेली आणि वारा दोघींवर कोसळला. धाकटीची सायकल डगमगली. तिने पाय टेकला, रुमाल तोंडावरून काढला.

"ताई, तू हो गं पुढं. पुलाजवळ मी येते पुढं. त्यांना तसंच हवंय."

किती सहज म्हणाली. मीठ दे म्हणावं तसं.

थोरली पुढे झाली. मागच्या चाकाची कुजबुज लगेच तिच्याजवळ आली, चिकटली. पुढच्याने मागच्याला सांभाळायचं असतं. तो सुटू लागला की पाय आखडता घ्यायचा, कारण हातभर फट पडली की आडोसा संपला. थोरलीला हे शिकवावं लागलं नव्हतं. तिचे पाय आपोआपच आखडायचे.

आज तिने ते आखडू दिले नाहीत. जोर केला असंही नाही. वखारीत जायची तिची रोजची चाल होती, तीच तिने धरली. मागची कुजबुज एकदा लांब गेली, धडपडत जवळ आली, पुन्हा लांब गेली.

"ताई, हळू."

मग जरा वेळाने, बरंच मागून, "ताई गं."

समोरच्या वाऱ्यात मागची हाक ऐकू येत नाही, असं सायकलवाले सांगतात. थोरलीला दोन्ही हाका ऐकू आल्या. ती खाली रस्त्याकडे बघत राहिली आणि पाय मारत राहिली.