काढा प्यायलेले नमुने

एचेवेरी साहेबांना मिळवायचं होतं ते एवढंच: दारावरच्या पाटीतला ‘प्रभारी’ हा शब्द पुसला जाणं. त्यासाठी बासष्ट रेल्वे डब्यांच्या आसनांना जुलैअखेर आमच्या प्रयोगशाळेचा ‘योग्य’ शिक्का हवा होता. नऊ वर्षं प्रभारी राहिलेल्या माणसाला तो शब्द नावापेक्षा आधी दिसू लागतो.

आमचं काम सोपं. नेलिदाबाई आसनाच्या कापडाचे आणि फोमचे तळहाताएवढे तुकडे तापलेल्या शेगडीखाली ठेवत आणि पेट घ्यायला किती सेकंद लागतात ते लिहीत. ते आकडे घेऊन मी संगणकात अख्खा डबा जाळायचो. माणसं बाहेर पडायला तीन मिनिटं तरी मिळाली पाहिजेत, ही रेल्वेची अट. माझ्या डब्याने चार मिनिटं दहा सेकंद दिले. साहेबांनी मला मिठी मारली. ती त्यांची पहिलीच.

जाळण्याआधी तुकडे आठवडाभर एका बंद खोलीत मुरवायचे असतात. तिथली ऊब आणि दमटपणा ठरलेला. त्या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, इमारतीतली बाकीची हीटिंग बंद पडली होती. मग काय, सगळी शाखा येर्बाच्या पानांचा गरम काढा प्यायला त्याच खोलीत. एकच तुंबा, एकच नळी, हातोहात फिरणारी, आणि तुकड्यांच्या मांडणीखाली सकाळपासून खदखदणारी किटली. दमटपणाचा काटा पार पलीकडे, हवेच्या झरोक्याजवळ. तो बिचारा इमानदारीत ठरलेले पन्नास टक्के दाखवत होता.

रिपोर्ट गेल्यावर महिन्याने बाईंना झरोक्यापाशी पडून राहिलेले दोन तुकडे सापडले. काहीही वाया न घालवणारी बाई. त्यांनी तेही जाळले. आधीच्या तुकड्यांना बावन्न सेकंद लागले होते. हे एकतिसाव्या सेकंदाला पेटले. दोन्ही.

त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“साउल, किटलीची वाफ कुठे जाते रे?”

“साहेबांच्या डोक्यात.”

त्या हसल्या नाहीत. मी नवा आकडा घालून डबा पुन्हा पेटवला. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, पाटीकडे एकदा पाहिलं.

“बाई, डबे रुळांवर धावतायत. रिपोर्ट मागे घेताना कारण काय लिहू? नमुन्यांना काढा पाजला?”

“तसंच लिहा. किटली माझी होती म्हणा.”

“तुमच्या पेन्शनला किती महिने उरले?”

“सात.”

“मग सात महिने किटली बाहेर ठेवू या.”

बाईंनी तरीही रेल्वेला पत्र लिहिलं, स्वतःच्या सहीने. आमच्याकडे बाहेर जाणारं प्रत्येक पत्र प्रमुखाच्या शिक्क्याने जातं. ते शिक्क्याची वाट बघत खणात पडलं. मी माझी नवी फाईल जपून ठेवली; जपून म्हणजे कुणाला दिसणार नाही अशी.

सप्टेंबरात नदीवरच्या पुलाअलीकडे एका डब्यात चौदा नंबरच्या आसनाखाली वायरीतून ठिणगी उडाली. डब्यात शहात्तर माणसं होती. चौकशीवाल्यांनी डब्यातल्या कॅमेऱ्याच्या घड्याळावरून वेळ मोजली: धूर छतापासून माणसांच्या तोंडापर्यंत उतरायला दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. इतकं बरोबर उत्तर माझ्या संगणकाने त्याआधी कधी दिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

चौकशीला बाई किटली पिशवीत घालून स्वतःच गेल्या. पत्र दाखवायला त्यांच्याकडे नव्हतं. साहेबांच्या खणातही तोवर नव्हतं. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, मला मिळाले ते आकडे मी घातले. हे खोटं नव्हतं.

आता कुणी काय दिलं ते लिहितो. अकरा जण दाराशी एकमेकांवर पडलेले सापडले. त्यांनी सगळंच दिलं. नेलिदाबाईंना निष्काळजीपणासाठी काढलं, पेन्शन पाच महिने दूर असताना. साहेबांची पाटी नवी झाली. रंगाऱ्याला पैसे खात्याने दिले. मी काही दिलं नाही.

आणि पुरावा म्हणून जप्त झालेली किटली खात्याच्या मालकीची निघाली. ती खात्याबाहेर नेल्याबद्दल तिची किंमत बाईंच्या शेवटच्या पगारातून कापली.