गांडुळांचा डबा

नऊ दिवस. भामाबाईंच्या पदरात पडायचं होतं ते एवढंच. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर ठेवायच्या, बाहुल्या मांडायला नात विनुता चेन्नईहून येणार आणि नवरात्रभर राहणार. त्यासाठी भामाबाईंनी चिमट्यात गांडूळ धरलं होतं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

काचेच्या टाकीतला ॲक्सोलॉटल, म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारा, पालीसारख्या अंगाचा सॅलमँडर, नासलेल्या दुधासारखा पांढुरका होता. मानेशी लाल पिसांसारखे कल्ले, तोंडावर उगाचच हसू. त्यानं गांडूळ अर्धं ओढलं. उरलेलं अर्धं ओठांबाहेर वळवळत राहिलं. मग काय बिनसलं कोण जाणे, त्यानं सगळंच थुंकून टाकलं. भामाबाईंनी नाकाला पदर लावला. तो बुळबुळीत ऐवज त्यांनी पुन्हा चिमट्यात उचलला.

होस्टेलनं टाकी ठेवू दिली नाही, तेव्हा विनुता ती तंजावूरला आणून ठेवून गेली होती.

“आज्जी, एक दिवसाआड एक. मोठं असलं तर कात्रीनं दोन तुकडे.”

“मी?”

“तू कशाला? कामाक्षी आहे की. ती मासे खाते.”

हिशेब बरोबर होता, महिना तेवढा चुकला. पुरट्टासी म्हणजे विष्णूचा तमिळ महिना. तो महिनाभर कामवाली कामाक्षी कपाळी विष्णूचं उभं नाम ओढते, आणि मासे सोडाच, अंड्याचं टरफलही उचलत नाही.

“पेरुमाळचा महिना, अम्मा. दुसरं काहीही सांगा.”

म्हणून परसातला तो कुजकट डबा भामाबाईच उघडत, श्वास रोखून, आणि दर खेपेला डोक्यावरून आंघोळ करत. कामाक्षीखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं.

विनुता आली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, थोरल्या जाऊबाई शेषम्मा जेवायला आल्या. पानावर बसताना त्यांची नजर टाकीवर गेली.

“हे काय खातं गं?”

“गांडुळं, मोठी आज्जी,” विनुता कौतुकानं म्हणाली.

शेषम्मांचा हात पानावरून मागे आला. “भरवतं कोण? रांधणारेच हात?”

हो म्हणावं, तर पान उलथणार, टाकी आजच्या आज घराबाहेर जाणार, आणि टाकीमागोमाग विनुता.

“कामाक्षी,” भामाबाई म्हणाल्या.

शेषम्मांनी सांबारात भात कालवला.

तेवढ्यात मागच्या दारी “गोविंदा!” अशी हाक आली. ओलेत्या केसांनी कामाक्षी उभी होती, हातात हळद लावलेला चोंबू, म्हणजे तांब्या. पुरट्टासीच्या शनिवारी दारोदार तांदूळ मागायचे, ते शिजवून देवाला दाखवायचे. पहिली मूठ दरवर्षी याच घरची. भामाबाई तांदूळ घेऊन उठल्या.

“थांब गं!” शेषम्मा पानावरूनच ओरडल्या. “गांडुळं भरवते ना ही? नाम ओढून? तिच्या चोंबूत देवाचे तांदूळ घालतेस?”

या मराठी घरात इतकी वर्षं काढून कामाक्षीला मराठी सगळं कळत होतं. तिनं भामाबाईंच्या हातांकडे पाहिलं. धुऊन धुऊन बोटांची कातडी सोलवटली होती.

“अक्का, ते...” भामाबाईंनी जाऊबाईंकडे वळून सुरुवात केली. विनुता पापड मोडत होती. तिच्याकडे बघत भामाबाईंनी तांदळाची मूठ घट्ट मिटली.

कामाक्षीनं चोंबूच्या तोंडावर तळवा ठेवला.

“राहू द्या, अम्मा. पुढचं घर बघते.”

विनुताची टाकी जागच्या जागी राहिली. शेषम्मांनी पायसम दोनदा घेतलं, हात धुतले आणि पुढच्या ओट्यावर जाऊन शेजारणीला हाक मारली. भामाबाईंचे अजून सहा दिवस शिल्लक होते. कामाक्षीला तांदूळ मागायला गल्लीत अजून अकरा घरं होती, आणि शेषम्मांची अकराही घरांत ओळख होती.