आटलेल्या विहिरीतलं गोड तीर्थ

काळी माय तहानली, बाई, पान्यासाठी रुसली,
भेगाभेगांनी तिनं गं, सारी तोंडं उघडली.

जात्यावर बसलेल्या चतुराबाई आत्याची ही ओवी फार जुनी. पण नांदूरघाटाजवळच्या आमच्या वस्तीवर त्या दुष्काळात रान तसंच दिसत होतं. अशात एका सकाळी केशरबाईंच्या आटलेल्या विहिरीला पाणी आलं. तांबूस, फेसाळ, वासाला गोडसर. दुपारपर्यंत काठावर जत्रा भरली आणि जत्रेच्या मधोमध जलनाथबाबा प्रकटले. फेस म्हणजे शेषाचा श्वास, हे त्यांनी जाहीर केलं. बाटलीमागं पायलीभर ज्वारी. शेषालाही ज्वारीच लागते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

केशरबाईंची सून गीता पोटुशी होती. गुरुवारी तिनं सगळ्यांसमोर तांब्याभर तीर्थ प्यायचं, असं सासूनं ठरवलं.

विहिरीच्या वर, चढाला, सहकारी साखर कारखान्याचा कचरा पुरायचा खड्डा होता. घाण पाणी जमिनीत मुरू नये म्हणून त्याच्या तळाला काळ्या मातीचा थर दाबलेला. शाळेच्या सरस्वतीबाईंनी त्यावरून बाबांना छेडलं, तर गंगा वरूनच उतरते, असं उत्तर मिळालं.

गुरुवारी बाई दोन चाळण्या घेऊन आल्या. दोन्हींत काळी माती थापलेली. एक उन्हात वाळवून तडकलेली. दुसरीत मुरूम मिसळून, तडकू नये म्हणून ओल्या पोत्याखाली ठेवलेली. त्यांनी दोन्हींत कुंकवाचं पाणी ओतलं. मुरुमाच्या चाळणीत तळं साचलं. तडकलेलीतून लाल धार थेट बाबांच्या धोतरावर.

"चाळणीला श्रद्धा न्हाई," बाबा म्हणाले.

"पाण्याला तरी कुठंय, बाबा? ते फक्त भेग बघतं."

लोक हसले. केशरबाई हसल्या नाहीत. शिकलेल्यांना देव दिसत नसतो, असं पुटपुटत त्यांनी तांब्या सुनेच्या हाती दिला.

"माझंही ऐकू नका, केशरबाई," बाई म्हणाल्या. "पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून, एवढं विचारा. पटेल तेच माना."

केशरबाईंचा मुलगा उत्तरेश्वर त्याच खड्ड्यावर रोलर चालवायचा. तो मघापासून खालमानेनं उभा होता. गीतानं तांब्या ओठाला लावला, तसा त्यानं त्यावर हात ठेवला.

"पिऊ नको. माय, हे कारखान्याचं पानी हाय. आमी तळ दाबला अन् तसाच उन्हात उघडा टाकला. घाण भरायच्या आधी त्यात हात जाईल एवढ्या भेगा व्हत्या. म्या बघितल्या. नोकरी जाईल म्हनून बोललो न्हाई."